कर्नेल प्रोब

कर्नेल प्रोब म्हणजे संगणक चालू असतानाच त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, अर्थात कर्नेलमध्ये, निवडलेल्या ठिकाणी तात्पुरते बसवलेले निरीक्षणाचे साधन होय. कर्नेलचा मूळ कोड न बदलता आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू न करता असा प्रोब लावता व काढता येतो. कर्नेलचे काम त्या ठिकाणी पोहोचले की प्रोबला जोडलेला छोटा प्रोग्राम चालतो, हवी ती माहिती टिपतो आणि मूळ काम जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे सुरू होते. लिनक्समध्ये या सुविधेला केप्रोब्ज असे नाव असून ती २००४ साली लिनक्सच्या २.६.९ या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिच्या आरंभीच्या जडणघडणीत आयबीएमच्या भारतातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे.

प्रोबचा प्रोग्राम कर्नेलच्या पूर्ण अधिकाराने चालतो. सामान्य प्रोग्राममध्ये चूक झाली तर तो एक प्रोग्राम बंद पडतो. कर्नेलमध्ये चूक झाली तर संपूर्ण संगणक बंद पडतो. त्यामुळे सुरक्षित प्रोब लिहिण्यासाठी कर्नेलची अंतर्गत रचना समजून घेणे अपरिहार्य ठरते.

संकल्पना

धान्याच्या बाजारात पोते न फोडता त्यात एक टोकदार पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे बाहेर काढतात व त्यावरून मालाचा कस ठरवतात. प्रोब या शब्दाचा मूळ अर्थ असाच, आत शिरून चाचपणारी सळई, असा आहे. कर्नेल प्रोबचे काम मात्र याहून थोडे अवघड असते, कारण त्याला पोत्यातील स्थिर धान्याचा नव्हे तर वेगाने धावणाऱ्या यंत्राचा नमुना घ्यायचा असतो.

या दृष्टीने ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथील यंत्रमागांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. ताण्याचा धागा तुटल्यावर माग आपोआप थांबवणाऱ्या यंत्रणेत प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी लटकवलेली असते. धागा ताठ असेपर्यंत पट्टी वर तोलून धरलेली राहते. धागा तुटताच ती खाली पडते व माग थांबतो. साध्या यंत्रमागांवर ही सोय नसते. केंद्र शासनाच्या यंत्रमाग सुधारणा योजनेत ती नव्याने बसवण्यासाठी अनुदान देण्यात आले. पट्टी धाग्यावर असते, पण कापडात विणली जात नाही. प्रोबही तसाच कर्नेलच्या आज्ञांवर बसतो, पण त्यांच्या कामात मिसळत नाही. येथे साम्य संपते. पट्टीने माग थांबवावा अशी अपेक्षा असते, तर प्रोबने काहीही थांबवू नये अशी.

कर्नेल आणि वापरकर्त्याचा परिसर

आधुनिक प्रोसेसर किमान दोन पातळ्यांवर काम करतो. ब्राउझर, शब्दसंपादक किंवा हिशेबाचा प्रोग्राम मर्यादित अधिकारांच्या पातळीवर चालतो. त्याला स्वतःच्या वाट्याची स्मृती तेवढी दिसते. डिस्क, नेटवर्क किंवा दुसऱ्या प्रोग्रामची स्मृती त्याच्या आवाक्याबाहेर असते. कर्नेल सर्वाधिकारांच्या पातळीवर चालते. फाइल उघडणे, माहिती पाठवणे यांसारख्या प्रत्येक कामासाठी प्रोग्रामला कर्नेलकडे विनंती करावी लागते. या विनंतीस सिस्टिम कॉल म्हणतात.

प्रोग्राम मंद चालतो, मध्येच अडतो किंवा क्वचित चुकतो तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा या सीमेपलीकडे दडलेले असते. विनंती गेली आणि उत्तर उशिरा आले एवढेच प्रोग्रामला कळते. मधल्या काळात काय घडले ते कळत नाही. ही पोकळी भरून काढणे हे प्रोबचे प्रयोजन आहे.

प्रोब बसतो कसा

इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरांवर प्रोब लावताना कर्नेल त्या जागच्या आज्ञेची एक प्रत दुसरीकडे जपून ठेवते आणि मूळ आज्ञेच्या पहिल्या बाइटच्या जागी थांबा दर्शवणारी एक विशेष आज्ञा लिहिते. ही आज्ञा अवघ्या एका बाइटची असते, आणि तिचे हे लहानपण अर्थपूर्ण आहे. या प्रोसेसरांच्या आज्ञा एक ते पंधरा बाइट अशा कमीजास्त लांबीच्या असतात. थांब्याची आज्ञा दोन बाइटची असती, तर एका बाइटच्या आज्ञेवर ती लिहिताना शेजारची आज्ञाही पुसली गेली असती. एआरएमच्या ६४ बिटी प्रोसेसरांवर सर्व आज्ञा सारख्याच, चार बाइटच्या असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही.

प्रोसेसर थांब्याच्या आज्ञेवर आला की अपवादाची स्थिती निर्माण होते व नियंत्रण केप्रोब्जकडे जाते. त्या क्षणीची सर्व रजिस्टरे जतन केली जातात आणि प्रोबकर्त्याचा हँडलर चालवला जातो. त्यानंतर मूळ आज्ञा पार पाडणे बाकी राहते, आणि या साध्या वाटणाऱ्या टप्प्यात खरी मेख आहे.

सर्वात सोपा उपाय असा वाटेल की मूळ बाइट क्षणभर परत जागेवर ठेवावा, आज्ञा चालू द्यावी आणि पुन्हा थांबा लिहावा. एकच प्रोसेसर असलेल्या संगणकावर हे चालले असते. परंतु आज साध्या लॅपटॉपमध्येही अनेक प्रोसेसर एकाच वेळी तोच कर्नेल कोड चालवत असतात. थांबा काढलेला असताना दुसरा एखादा प्रोसेसर तेथून गेला, तर त्याची नोंद होणार नाही. म्हणून केप्रोब्ज मूळ जागेला हात न लावता जपून ठेवलेली प्रत तिच्या स्वतःच्या जागी चालवते आणि मग नियंत्रण मूळ मार्गावर, पुढील आज्ञेकडे नेऊन सोडते. काही आज्ञांमध्ये ‘येथून इतक्या बाइट अंतरावरची माहिती’ असा सापेक्ष पत्ता असतो. प्रत दुसरीकडे चालणार असल्याने ते अंतर आधीच दुरुस्त करून घ्यावे लागते.

प्रत्येक वेळी अपवादाची स्थिती निर्माण करणे महाग पडते. केप्रोब्जच्या अधिकृत दस्तऐवजात २००५ च्या सुमाराच्या प्रोसेसरवर दर प्रोबमागे अर्धा ते एक मायक्रोसेकंद खर्च होतो असे नमूद आहे. हा आकडा क्षुल्लक दिसतो. पण एखादे फंक्शन सेकंदाला दहा लाख वेळा चालत असेल, तर कमीत कमी हिशेब धरूनही दर सेकंदाला प्रोसेसरचा अर्धा सेकंद निव्वळ निरीक्षणातच जाईल. २०१० पासून शक्य तेथे थांब्याऐवजी पाच बाइटची उडीची आज्ञा वापरण्याची सोय झाली व हा खर्च बराच घटला. ही सुधारणा जपानी अभियंते मासामी हिरामात्सू यांची. मात्र त्या पाच बाइटांच्या मध्ये कोठूनही उडी मारून येणारी दुसरी वाट नाही याची खात्री आधी करावी लागते. ती नसल्यास जुनीच पद्धत वापरली जाते.

परतीचा प्रोब

एखादे फंक्शन सुरू केव्हा झाले यापेक्षा ते किती वेळ चालले आणि त्याने काय उत्तर दिले, हे जाणण्याची गरज अधिक वेळा पडते. फंक्शनमधून बाहेर पडण्याच्या वाटा अनेक असू शकतात व प्रत्येकीवर प्रोब लावणे व्यवहार्य नसते. म्हणून परतीचा प्रोब फंक्शनच्या प्रवेशद्वारातच एक युक्ती करतो. काम संपल्यावर कोठे परतायचे तो पत्ता स्टॅकवर ठेवलेला असतो; प्रोब तो पत्ता स्वतःजवळ टिपून घेतो आणि त्याजागी आपला पत्ता ठेवतो. फंक्शन कोणत्याही वाटेने बाहेर पडले तरी आधी प्रोबकडे येते व मग खऱ्या मुक्कामी जाते. एआरएमसारख्या प्रोसेसरांवर हा पत्ता आरंभी एका रजिस्टरमध्ये असतो, म्हणून बदल तेथे केला जातो.

टिपून घेतलेले पत्ते ठेवण्यासाठी जागा लागते आणि ती मर्यादित असते. एकाच वेळी अपेक्षेपेक्षा जास्त ठिकाणी ते फंक्शन चालू झाले, तर जास्तीच्या फेऱ्या नोंदवल्या जात नाहीत. त्या किती चुकल्या याची मोजणी मात्र ठेवली जाते. नवशिके बहुधा ही मोजणी पाहत नाहीत. मग गर्दीच्या वेळीच आकडे कमी कसे आले, असा प्रश्न त्यांना पडतो.

असुरक्षित प्रोब कसा घडतो

प्रोब चालतो तेव्हा कर्नेल नेमके कोणत्या अवस्थेत आहे, हे प्रोबला निवडता येत नाही. बहुतेक धोके या एका वस्तुस्थितीतून निघतात.

पहिला धोका झोपेचा. कर्नेलच्या भाषेत झोपणे म्हणजे एखादी गोष्ट मिळेपर्यंत प्रोसेसर दुसऱ्याला देऊन वाट पाहत बसणे. डिस्कवरून वाचणे, स्मृतीची मागणी करणे, काही प्रकारची कुलपे घेणे यांत झोप लागू शकते. प्रोबचा हँडलर चालू असताना प्रोसेसर दुसऱ्या कामाकडे वळवण्यास मनाई असते. काही रचनांमध्ये इंटरप्टही बंद असतात. अशा वेळी हँडलर झोपला तर त्याला जागे करणारे कोणी उरत नाही.

दुसरा धोका कोंडीचा. सामायिक माहितीत दोघांनी एकाच वेळी बदल करू नयेत म्हणून कर्नेल तिला कुलूप लावते. समजा, एक फंक्शन असे कुलूप घेऊन काम करत आहे आणि त्याच्या मध्यावर प्रोब बसवलेला आहे. हँडलरने तेच कुलूप मागितले, तर हँडलर फंक्शनने कुलूप सोडण्याची वाट पाहील आणि फंक्शन हँडलर संपण्याची. दोघेही त्याच प्रोसेसरवर असल्याने ही कोंडी कधीच फुटत नाही. हँडलरने स्वतः कुलूप घेतले नाही म्हणून सुटका होते असेही नाही. त्याने बोलावलेले एखादे निरुपद्रवी दिसणारे फंक्शन आतून ते घेत असू शकते. कर्नेलचा कोड वाचण्याची सवय येथे उपयोगी पडते.

तिसरा धोका स्वतःच्याच शेपटीचा. हँडलर एखादा संदेश छापण्यासाठी जे फंक्शन वापरतो, त्यावरच प्रोब लावलेला असेल तर प्रोबमधून प्रोब, त्यातून पुन्हा प्रोब अशी साखळी सुरू होईल. केप्रोब्ज ही स्थिती ओळखते, आतील प्रोबचा हँडलर न चालवता पुढे जाते आणि ती फेरी चुकलेल्यांच्या मोजणीत धरते. परंतु केप्रोब्जची स्वतःची यंत्रणा व अपवाद हाताळणारा कोड यांवर प्रोब लावणे हे मुळातच निषिद्ध असते. अशा फंक्शनांची यादी कर्नेल बाळगते व त्यांवर प्रोब लावण्याची विनंती नाकारते.

चौथा धोका स्मृतीचा, आणि तो सर्वांत फसवा आहे. कर्नेलमधील एखाद्या रचनेचा पत्ता हाती आला म्हणजे ती रचना अजून तेथे आहे असे नव्हे. दुसऱ्या प्रोसेसरने ती नुकतीच मोडीत काढलेली असू शकते. ती किती काळ जिवंत राहते, तिची संदर्भगणना कोण सांभाळते, हे कळल्याशिवाय तिच्यात डोकावणे धोक्याचे असते. वापरकर्त्याच्या प्रोग्रामने दिलेल्या पत्त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. फाइल उघडण्याच्या विनंतीत फाइलच्या नावाचा पत्ता असतो. पण ते पान त्या क्षणी प्रत्यक्ष स्मृतीत आणलेले असेलच असे नाही. पान आणायचे तर झोपावे लागेल, आणि झोपण्यास मनाई आहे. त्यामुळे विनंतीच्या आरंभी वाचलेले नाव कधीकधी रिकामे येते, तर विनंती संपताना तेच नाव नीट वाचता येते, कारण मधल्या काळात कर्नेलने ते पान स्वतःच्या गरजेसाठी आणलेले असते. शिवाय दुष्ट हेतूचा प्रोग्राम प्रोबने नाव वाचल्यानंतर आणि कर्नेलने ते वाचण्यापूर्वी ते बदलू शकतो. सुरक्षाविषयक देखरेखीसाठी प्रोब वापरणाऱ्यांना ही फट ठाऊक असावी लागते.

यांखेरीज एक शांत धोका आहे. त्यात संगणक बंद पडत नाही, फक्त उत्तर चुकते. लिनक्स कर्नेल आपल्या अंतर्गत फंक्शनांची नावे व रचना पुढील आवृत्तीत तशाच राहतील असे वचन देत नाही. कंपायलर छोटी फंक्शने त्यांना बोलावणाऱ्या फंक्शनांतच विरघळवून टाकतो. मग त्या नावावर लावलेला प्रोब काही ठिकाणच्या फेऱ्या पाहतो, काही ठिकाणच्या पाहतच नाही. रचनेतील एखादे क्षेत्र आठ बाइट पुढे सरकले, तर प्रोब शेजारच्या क्षेत्रातील आकडा तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतो. हे टाळण्यासाठी कर्नेलच्या विकासकांनी काही ठिकाणी मुद्दाम ठेवलेले ट्रेसपॉइंट वापरणे श्रेयस्कर असते. त्यांची मांडणी तुलनेने स्थिर असते व खर्चही कमी येतो.

इतिहास

चालत्या प्रणालीत निरीक्षणाचे थांबे घालण्याची कल्पना लिनक्सपेक्षा जुनी आहे. आयबीएमच्या ओएस/२ या प्रणालीत अशी सोय होती. तिचा धागा पकडून रिचर्ड मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्ससाठी डायनॅमिक प्रोब्ज हा प्रकल्प उभारला. तो बराच व्यापक असल्याने मुख्य कर्नेलमध्ये जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. त्यातील थांबा घालण्याचा मूळ भाग वेगळा काढून लहान, आटोपशीर रूपात पुढे केला गेला. तोच केप्रोब्ज.

कर्नेलच्या मूळ कोडमधील केप्रोब्जच्या फाइलच्या शिरोभागी या कामाची नोंद आजही वाचता येते. आरंभीची रचना वंशी कृष्ण एस. यांची असून तिच्यात रस्टी रसेल यांच्या सूचनांचा अंतर्भाव आहे. जुलै २००४ मध्ये सुपर्णा भट्टाचार्य यांनी फंक्शनला दिलेली मूल्ये वाचण्याची सोय जोडली आणि ऑगस्टमध्ये प्रसन्ना पंचमुखी यांनी अंतर्गत मांडणी सुधारली. परतीचे प्रोब मे २००५ मध्ये हिएन गुयेन, जिम केनिस्टन आणि पंचमुखी यांनी आणले. भट्टाचार्य यांनी जोडलेली सोय, जिला जेप्रोब्ज म्हणत, पुढे अधिक चांगले पर्याय आल्यावर २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. कर्नेलमध्ये जुना कोड असा जातो, पण श्रेयाची ओळ राहते.

जानेवारी २००५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस १० या प्रणालीबरोबर डीट्रेस आले. ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो आणि ॲडम लेव्हेन्थल हे त्याचे निर्माते. ग्राहकांचे प्रत्यक्ष काम चालू असलेल्या सर्व्हरवर बिनधोक वापरता आले पाहिजे, ही त्यांची पहिली अट होती. त्यासाठी त्यांनी प्रोबची भाषाच अशी बेतली की तिच्यात फेरा लिहिता येत नाही; साहजिकच प्रोब न संपण्याची शक्यता उरत नाही. लिनक्सवर त्या काळी प्रोब लिहायचा तर सी भाषेत कर्नेल मॉड्यूल लिहावे लागे आणि सुरक्षिततेची सारी भिस्त लिहिणाऱ्याच्या सावधपणावर असे. २००५ मध्ये सुरू झालेल्या सिस्टिमटॅप या प्रकल्पाने हा भार बराच हलका केला. वापरकर्त्याच्या प्रोग्रामांवरील यूप्रोब्ज २०१२ मध्ये लिनक्स ३.५ बरोबर आले.

ई-बीपीएफ आणि पडताळक

स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ मध्ये नेटवर्कवरील पाकिटे गाळण्यासाठी कर्नेलमध्ये चालणारी एक छोटी आज्ञाप्रणाली मांडली होती. तिचे विस्तारित रूप, ई-बीपीएफ, ॲलेक्सी स्टारोव्होयटोव्ह यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये लिनक्समध्ये आले आणि २०१५ च्या ४.१ या आवृत्तीपासून ते केप्रोब्जला जोडता येऊ लागले. त्यामुळे सुरक्षिततेचा भार माणसाकडून यंत्राकडे सरकला.

ई-बीपीएफ प्रोग्राम कर्नेलमध्ये दाखल होण्यापूर्वी पडताळक नावाचा कर्नेलचाच एक भाग तो तपासतो. प्रोग्राम प्रत्यक्ष न चालवता त्यातील शक्य त्या प्रत्येक वाटेने पडताळक कागदावर चालून पाहतो. कोणत्या रजिस्टरमध्ये साधी संख्या आहे, कोणत्यात पत्ता आहे, तो पत्ता रिकामा असण्याची शक्यता आहे का, संख्या कोणत्या मर्यादेत आहे, याची तो पावलोपावली नोंद ठेवतो. रिकामा असू शकणारा पत्ता न तपासता वापरला, स्टॅकची ५१२ बाइटची मर्यादा ओलांडली किंवा फेरा संपेलच हे सिद्ध झाले नाही, तर प्रोग्राम नाकारला जातो. फेऱ्यांना पूर्वी सरसकट मनाई होती; २०१९ च्या ५.३ या आवृत्तीपासून मर्यादित फेऱ्यांना परवानगी मिळाली. कर्नेलची फंक्शने मनमानीपणे बोलावता येत नाहीत. ठरावीक साहाय्यक फंक्शनेच वापरावी लागतात. कर्नेलची स्मृती वाचणारे साहाय्यक फंक्शन पत्ता चुकीचा निघाल्यास संगणक न पाडता चूक झाल्याचा संकेत परत देते. रचनेतील क्षेत्रे सरकण्याच्या अडचणीवरही तोडगा निघाला आहे: कर्नेल आपल्या रचनांचे वर्णन स्वतःबरोबर बाळगते आणि प्रोग्राम दाखल होताना त्यातील अंतरे त्या वर्णनानुसार जुळवून घेतली जातात.

पडताळकाच्या मर्यादाही आहेत. प्रोग्राम कर्नेलला इजा करणार नाही एवढे तो पाहतो. प्रोग्रामचे उत्तर बरोबर आहे की नाही हे तो पाहत नाही. एखाद्या अतिवापराच्या फंक्शनवर निर्दोष प्रोब लावूनही सर्व्हर मंद करता येतो. आणि पडताळक हाही माणसांनी लिहिलेला कोड आहे. २०२० व २०२१ मध्ये त्याच्या संख्यांच्या मर्यादा ठरवण्याच्या तर्कातील चुका उघड झाल्या आणि त्यांच्या आधारे सामान्य वापरकर्त्याला सर्वाधिकार मिळवता येतात असे दाखवून देण्यात आले. त्यानंतर अनेक लिनक्स वितरणांनी विशेष अधिकार नसलेल्या वापरकर्त्यांना ई-बीपीएफ वापरण्यास बंदी केली.

एक उदाहरण

भिवंडी परिसर मोठ्या गोदामांसाठीही ओळखला जातो. समजा, अशा एका गोदामातील लिनक्स सर्व्हरवर येणाऱ्या मालाची नोंद ठेवली जाते. एरवी नोंद क्षणार्धात होते, पण अधूनमधून ती दोन सेकंद अडते व मालमोटारींची रांग लागते. सरासरी वेळ पाहिला तर सारे ठीक दिसते, कारण हजार जलद नोंदींमध्ये चार मंद नोंदी बुडून जातात.

नोंद पक्की करताना डेटाबेस कर्नेलला माहिती डिस्कवर खरोखर उतरवण्यास सांगतो. संशय या कामावर आहे. म्हणून संबंधित फंक्शनच्या आरंभी एक प्रोब लावला जातो. तो थ्रेडच्या क्रमांकापुढे त्या क्षणाची वेळ एका तक्त्यात लिहितो. परतीचा प्रोब तोच क्रमांक शोधून दोन वेळांतील फरक काढतो, तक्त्यातील नोंद पुसतो आणि तो फरक किती मिलिसेकंदांच्या गटात पडला एवढेच मोजतो. प्रत्येक घटना बाहेर न पाठवता कर्नेलमध्येच गटवार मोजदाद केल्याने भार नगण्य राहतो.

येथे एक बारकावा आहे. प्रोब लावला गेला त्या क्षणी काही थ्रेड आधीच फंक्शनच्या आत असतात. ते बाहेर पडताना तक्त्यात त्यांची आरंभाची नोंद सापडत नाही. ‘नोंद सापडली नाही तर काहीही करू नये’ ही तपासणी लिहायला विसरणे अगदी स्वाभाविक आहे. हाताने लिहिलेल्या मॉड्यूलमध्ये एवढ्या विसराळूपणाने सर्व्हर कोसळू शकतो. ई-बीपीएफमध्ये पडताळक प्रोग्राम आत घेण्यासच नकार देतो. तक्ता भरून गेला तर नवी नोंद होत नाही, म्हणजे एक मोजमाप हुकते, कर्नेल नाही.

गटवार मोजदादीत बहुसंख्य फेऱ्या काही मिलिसेकंदांत आणि मोजक्या एक-दोन सेकंदांच्या गटात, असे दोन वेगळे पुंजके दिसले तर संशय खरा ठरतो. तो दुसरा पुंजका दिवसाच्या कोणत्या वेळी भरतो हे पाहून, उदाहरणार्थ त्याच डिस्कवर चालणाऱ्या बॅकअपपर्यंत माग काढता येतो. उलट पुंजका एकच आणि जलद असेल तर डिस्क निर्दोष ठरते व शोध नेटवर्ककडे किंवा डेटाबेसच्या कुलपांकडे वळतो.

जुलै २०२४ ची घटना

कर्नेलमध्ये चालणाऱ्या निरीक्षणाच्या कोडमधील चूक किती दूरवर पोहोचते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसून आले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचा एक भाग विंडोजच्या कर्नेलमध्ये चालतो. त्याच्यासाठी पाठवलेल्या माहितीच्या एका फाइलमध्ये २१ क्षेत्रांची अपेक्षा होती, तर ती वाचणाऱ्या कोडला २० मूल्येच पुरवली जात होती. एकविसावे मूल्य वाचण्याच्या प्रयत्नात नेमलेल्या हद्दीबाहेरची स्मृती वाचली गेली व संगणक कोसळले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणकांना याचा फटका बसला. भारतात ती सकाळची वेळ होती. विमानतळांवरील नोंदणी ठप्प झाली आणि काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. सदोष फाइल सुमारे ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण कोसळलेले संगणक पुन्हा सुरू होतानाच कोसळत असल्याने पुष्कळ ठिकाणी प्रत्येक संगणकापाशी जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

या प्रणालीला कर्नेल प्रोब म्हणता येणार नाही, परंतु तिची स्थिती तीच होती: पाहण्यासाठी आत शिरलेला कोड सर्वाधिकारांनिशी चालत होता, आणि त्याला पुरवलेली माहिती त्याच्या अपेक्षेशी जुळते की नाही हे त्या जागी कोणी तपासत नव्हते. यानंतर असे कोड कर्नेलबाहेर ठेवण्याविषयीच्या चर्चेला जोर आला.

अध्ययन

कर्नेलच्या अभ्यासाला थेट लिनक्सपासून सुरुवात करणे बहुधा निराशेचे ठरते. त्याचा कोड कोट्यवधी ओळींचा असून त्यातील मोठा भाग विविध उपकरणांच्या चालकांचा आहे. अध्यापनासाठी एक्सव्ही-६ ही लहान प्रणाली अनेक ठिकाणी वापरतात. केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या १९७५ मधील युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर ती अमेरिकेतील एमआयटी येथे २००६ मध्ये तयार झाली. तिचा कोड काही हजार ओळींचा असल्याने एका सत्रात तो पूर्ण वाचून होतो. आयआयटी मुंबई येथील प्रा. मैथिली वुटुकुरु यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात एक्सव्ही-६ चा वापर होतो आणि त्यांची व्याख्याने व टिपणे सर्वांसाठी खुली आहेत. त्याच संस्थेतील प्रा. धनंजय धामधेरे यांची ऑपरेटिंग सिस्टिम व सिस्टिम प्रोग्रॅमिंगवरील इंग्रजी पाठ्यपुस्तके भारतीय विद्यार्थ्यांना दीर्घकाळ परिचयाची आहेत. मराठीत या विषयावर सखोल लेखन तुरळक असले, तरी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स व सी भाषेचे प्राथमिक पाठ मराठीतून ऐकता येतात.

पूर्वतयारी म्हणून सी भाषेतील पॉइंटर, स्टॅकची रचना आणि असेंब्ली भाषेतील निदान एक पान वाचता येण्याइतकी ओळख आवश्यक असते. त्यानंतर सिस्टिम कॉल, प्रक्रियांची अदलाबदल, आभासी स्मृती, कुलपे आणि इंटरप्ट हा क्रम सोयीचा पडतो. कुलपांचा भाग कंटाळवाणा म्हणून पुष्कळ जण वगळतात. तो वगळून प्रोब लिहू नये.

सरावासाठी महागड्या साधनांची गरज नसते. क्यूएमू किंवा तत्सम प्रोग्रामच्या साहाय्याने साध्या लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक चालवता येतो. त्याचे कर्नेल कितीही वेळा कोसळले तरी मूळ लॅपटॉपला धक्का लागत नाही. प्रत्यक्ष लेखनाआधी बीपीएफट्रेस या साधनाने एका ओळीचे प्रोब लिहून पाहता येतात. प्रथम ट्रेसपॉइंटवर, मग फंक्शनच्या आरंभावर आणि शेवटी परतीवर, अशी चढण ठेवल्यास प्रत्येक टप्प्यावर कर्नेलचा संबंधित कोड उघडून पाहण्यास वाव मिळतो. झोपणारा किंवा स्वतःचेच कुलूप मागणारा हँडलर आभासी संगणकात मुद्दाम लिहून पाहणे हाही अभ्यासाचा उपयुक्त भाग आहे. कर्नेल बांधताना कुलपांची तपासणी करणारी लॉकडेप ही सोय चालू ठेवली, तर कोंडी कोणत्या कुलपाशी व कोणत्या क्रमाने झाली हे ती ओळीनिशी दाखवते.

प्रत्यक्ष सेवेत असलेल्या सर्व्हरवर प्रोब लावण्यासाठी प्रशासकीय अधिकार लागतात. २०२० च्या ५.८ या आवृत्तीपासून ई-बीपीएफसाठी वेगळा, मर्यादित अधिकारही देता येतो. प्रोबमधून इतरांनी उघडलेल्या फाइलींची नावे, चालवलेल्या आज्ञा आणि क्वचित पाठवलेला मजकूरही दिसू शकत असल्याने हे अधिकार सहसा मोजक्या व्यक्तींकडेच ठेवले जातात, आणि कोणता प्रोब कोणी, केव्हा लावला याची नोंद ठेवण्याचा प्रघात आहे.